आगळावर पाण्याचा थर

वहिनी,

तू आमच्या घरात आलीस त्या साली आम्ही बियाण्याचं भात खाऊन बसलो होतो. बाबा काविळीनं अंथरुणाला लागलेले, दादा वीटभट्टीवर, आणि पुढच्या पेऱ्यासाठी कणगीत राखलेलं भात आईनं होळीच्या आधीच कांडायला घेतलं. कांडताना ती आमच्याकडे पाठ करून बसायची. पेज ताटात आली की सगळे खाली बघून जेवायचे. काय खातोय ते सगळ्यांना माहीत होतं.

पेरणीच्या तोंडावर मावशीकडून, इतर नातेवाइकांकडून थोडं थोडं मागून बी आणलं. मागितलेलं बी कधी निवडक नसतं. निम्मं पोचट.

तुझ्या हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. तू अंगणात मोठं पातेलं मांडलंस, पाणी ओतलंस आणि त्यात मीठ घालायला लागलीस. मूठ झाली, दुसरी झाली, मग पिशवीच उलटी केलीस. आई आतून धावत आली. आपल्याकडे मीठ वाया घालवलं तर मेल्यावर ते पापण्यांनी वेचावं लागतं म्हणतात.

"अगं ए! येवढं मीठ? वर गेल्यावर पापण्यांनी वेचशील!"

"वेचीन आई. आधी पेरून तर घेऊ."

मग तू पाण्यात एक अंडं सोडलंस. ते तळाला बसलं. आणखी मीठ घालून ढवळलंस, तेव्हा अंडं हळूहळू वर आलं आणि पाण्याबाहेर डोकं काढून थांबलं. ते माझ्या हातात देऊन तू भात ओतलंस. भरलेले दाणे खाली गेले, पोचट वर राहिले. वरचे तू ओंजळीनं काढून कोंबड्यांपुढे टाकायला लागलीस आणि आईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"तेवढंच तर हाय गं. त्यातलं बी टाकतेस?"

"ते उगवणार नायच, आई. पाण्यानं आत्ताच सांगितलं ते बरं. शेतानं सांगितलं असतं तर साल गेलं असतं."

तळाचं भात तू साध्या पाण्यानं चांगलं धुतलंस आणि पेरलंस. त्या साली रोपांचा राब एकसारखा हिरवा आला, ठिगळं पडली नाहीत. घरातले सगळे राबाकडे बघत होते. मी मात्र अंड्यातच अडकलो होतो. बुडालेलं अंडं मीठ घातल्यावर वर का आलं? तुला विचारलं तर म्हणालीस, "मला काय ठावं? माझा बाप असंच करतो. तुमी शिका आन मग मला सांगा, भावजी."

भावजी! मी तेव्हा तिसरीत होतो. दीर कितीही लहान असला तरी त्याच्याशी मानानं बोलायचं, असं तुला माहेरहून सांगून पाठवलं होतं. त्यामुळे 'भावजी, शेंबूड पुसा', 'भावजी, चड्डी वर घ्या', 'भावजी, आता कानाखाली वाजवीन हां' असा माझा मान राखला जायचा. आणि मी तुला अगं-तुगं. मोठा झाल्यावर मी बदलून बघितलं, एकदा 'अहो वहिनी' म्हणालो. तू इतकी हसलीस की हातातली परात खाली ठेवावी लागली. मग ते तसंच राहिलं. इथेही तसंच लिहितोय.

तुला काय झालं, कुठे नेलं, डॉक्टर काय म्हणाले, हे मी लिहिणार नाही. येईल त्या पाहुण्याला ते सांगून दादाचं तोंड दुखलंय. तेरावं झालं, मांडव सुटला, भाड्यानं आणलेली भांडी परत गेली. आता घरात जेवढा आवाज हवा तेवढाच आहे आणि तो फार कमी आहे. तुझ्याशी एक भांडण अर्धं राहिलंय, ते पुरं करायला बसलोय.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. हे मी कुणालाही सांगतो, न विचारता पण सांगतो. कर्जतला बी.एस्सी. झालो तेव्हा बाबांनी निकालाचा कागद देवापुढे ठेवला आणि तू त्याला हळदकुंकू लावलंस. कागदावर डाग पडला म्हणून मी चिडलो. तू म्हणालीस, "डाग नाय तो, शिक्का हाय. आमचा." मग खालापूरच्या बाजूला रंगाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो. माझं काम काय, असं तू विचारलंस. मी सांगितलं, ठरलेल्या मापाचा एक कप असतो. प्रत्येक बॅचचा रंग त्यात काठोकाठ भरायचा आणि वजन करायचं. एका मापात किती वजन मावलं त्यावरून रंग बरोबर आहे की नाही कळतं. त्याला घनता म्हणतात. तुझं अंडं वर आलं ते त्याच्यामुळेच. मीठ विरघळलं की तेवढ्याच मापातलं पाणी जास्त जड होतं, अंड्यापेक्षाही जड, आणि मग ते अंड्याला उचलून धरतं.

तू हातातलं काम थांबवलंस. मला वाटलं, छाप पडली. मग म्हणालीस, "म्हंजे येवढं शिकून तुमी दिवसभर वाटीच भरता."

"वाटीच भरतो."

"मग माझ्या पोरांना बी शिकवा की. त्यांना बी वाटी भरता येते."

तोवर तू गावच्या अंगणवाडीत सेविका झालीस त्याला बरीच वर्षं लोटली होती. आपलं गाव कोंडाण्याच्या वाटेवरचं, लेणी बघायला जाणारे लोक शाळेपाशी गाड्या लावतात आणि अंगणवाडीच्या नळावर पाय धुतात. तू त्यांना कधी हटकलं नाहीस. उलट पोरांना सांगायचीस, बघा रं, मुंबईचे पाय पण चिखलानं तसेच भरतात.

मी सुट्टीच्या दिवशी यायला लागलो. पहिल्याच दिवशी आपलं वाजलं. तू पोरांना सांगत होतीस, "जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं." मी मध्येच म्हणालो, चूक आहे. नदीत ओंडका तरंगत येतो आणि खडा बुडतो. ओंडका काय खड्यापेक्षा हलका असतो? तू कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलंस. पोरं पण बघायला लागली.

"मग काय सांगू?"

"एका मापाचं घे. एक वाटी तेल, एक वाटी पाणी."

तू लगेच काठीला दोरीनं दोन वाट्या बांधल्यास. पाण्याची वाटी खाली गेली. पोरांनी ती पुन्हा वर ढकलली, ती पुन्हा खाली गेली. मग त्यांना खूळच लागलं, काठीवर दिसेल ते तोलायला लागली, डाळ, रेती, एकाची चप्पल. चप्पल वाटीत मावेना तेव्हा तू म्हणालीस, "भावजींना इचारा, चप्पल कुठल्या मापानं घ्यायची."

पण मिनीडोरचं तू एकदम बरोबर धरलंस, असं तेव्हा सगळे म्हणाले. एका पोरानं विचारलं, वाटी तीच तर पाणी जड का? तू म्हणालीस, "बाजाराच्या दिवशी कर्जतला जाणारी मिनीडोर कशी असते?" पोरं ओरडली, गच्च! "आन दुपारची परत येणारी?" मोकळी! "गाडी तीच ना रं? गच्च ती जड." त्यावर मी तुला बाहेर घेऊन गेलो आणि म्हणालो की तेलात कण कमी बसलेले असतात असं इतकं सरळ नसतं, तेलाचे कण मोठे असतात, त्यांची बांधणीच वेगळी असते.

"भावजी, पोरं चार वर्सांची हायत."

"म्हणून चुकीचं सांगायचं?"

"चुकीचं नाय. थोडकं. मोठी झाली की तुमी बाकीचं सांगा."

हे मला पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण कारखान्यात नवीन मुलं कामाला आली की मी त्यांना मिनीडोरच सांगतो. बाकीचं नंतर सांगतो.

आणि ती हंड्याची गोष्ट. तू पोरांना अंडं तरंगवून दाखवलंस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रंजना दारात. तिच्या पोरीनं, छोट्या परीनं, घरी पिण्याच्या हंड्यात मूठभर मीठ टाकून त्यात अंडं सोडलं होतं. तो हंडा रंजना लांबून डोक्यावर घेऊन आलेली. नळाला तेव्हा पाणी नव्हतं.

"काय शिकवतीस गं पोरांना? सगळा हंडा खारट केला कार्टीनं! सासरा चहा थुंकला!"

मी आतल्या बाजूला उभा. मला वाटलं, आता ही माफी मागेल. तू परीला जवळ घेतलंस आणि विचारलंस, "वर आलं का गं अंडं?"

परीनं मान हलवली. नाही.

"मग मीठ कमी पडलं. हंड्याला मुठीनं काय व्हणार? तांब्यात करायचं, हंड्यात नाय. हंडा आयेचा असतो." आणि रंजनाकडे बघून म्हणालीस, "चल, तुझा हंडा मी आणून देते." आणि खरंच पदर खोचून निघालीस. रंजना मागून धावत म्हणत होती, राहू दे गं बाई, राहू दे, लोक काय म्हणतील.

आता भांडणाकडे येतो.

गावात पिवळी व्हॅन यायला लागली. टाय आणि बूट घातलेली पोरं तिच्यात बसून इंग्रजी नर्सरीत जायला लागली. तुझ्या सतरंजीवरच्या जागा रिकाम्या व्हायला लागल्या. तू म्हणायचीस, जाऊ दे, शिकू दे कुठं पण. पण हजेरी घेताना गेलेल्या पोरांची नावं तुझ्या तोंडात यायची आणि तू मध्येच थांबायचीस. मग तू ठरवलंस की पालक मेळाव्यात पोरांनी सगळ्यांसमोर थरांची बरणी करायची. तळाला गुळाचा घट्ट पाक, त्यावर तुझ्या माहेरचं कोकमाचं लाल आगळ, त्यावर पाणी, सगळ्यात वर गोडं तेल. पाण्यात नीळ टाकू, उठून दिसेल, असं मी म्हणालो. तू नाही म्हणालीस, पोरं पितात म्हणून. तेव्हा पाणी पाण्यासारखंच राहिलं.

अवघड होता तो आगळावरचा पाण्याचा थर. तेलाचं काय, ते कसंही ओता, वर येतंच. पण आगळ आणि पाणी एकमेकांत सहज मिसळतात. आगळात मीठ असतं म्हणून ते जड, पण पाणी जरा जोरात पडलं की दोन्हींचं सरबत. मोठ्या माणसानं चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून सोडलं तर जमतं. चार वर्षांच्या हाताला ते जमत नव्हतं. तू आठवडाभर करून घेतलंस. रोज सरबत व्हायचं.

मेळाव्याच्या दिवशी पालक भिंतीला टेकून बसलेले. व्हॅनवालीही एक-दोन घरं तू मुद्दाम बोलावलेली. पहिल्या पोरानं पाक घातला, दुसऱ्यानं आगळ. तिसरी पोरगी पाण्याचा चमचा घेऊन पुढे आली आणि तिचा हात थरथरायला लागला. मी पुढे होऊन तिच्या हातातून चमचा घेतला. पाणी सोडलं, तेल सोडलं. चार थर आरशासारखे उभे राहिले. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, शिकलेला माणूस तो शिकलेला.

सगळे गेल्यावर तू सतरंज्या झटकत होतीस. नेहमीपेक्षा जास्त जोरात.

"टाळ्या पडल्या की," मी म्हणालो.

"पडल्या. पोरांचे हात कोरडेच रायले."

"मिसळलं असतं तर?"

"मिसळलं असतं. परत केलं असतं."

"एवढ्या लोकांसमोर? मग होती ती पोरं पण व्हॅनमध्ये बसली असती."

"लोकांना पोरं बघायची व्हती, भावजी. तुमी तर रोजच दिसता."

मी त्या दिवशी न जेवता खालापूरला गेलो. दिवाळीला आलो तेव्हा तू चकल्या वाढल्यास, मी खाल्ल्या, दोघांनी तो विषय काढला नाही. वहिनी, मी तेव्हा चुकलो असं मला आजही म्हणवत नाही. बरणी बिघडली असती तर हसणारे लोक त्या खोलीत होते, मी त्यांना ओळखतो, मी त्यांच्यातच वाढलोय. आमच्यासारख्या घरातलं पोर लोकांसमोर एकदा फसलं की पुढे बरीच वर्षं त्याला तेच ऐकवतात. त्या पोरीला ते ऐकावं लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण तू काय म्हणत होतीस तेही मला कळत होतं. तू मला अंडं हातात घेऊ दिलं होतंस. घरात ते एकच अंडं होतं, पडलं असतं तर फुटलं असतं, तरी दिलं होतंस. यावर तुझं काय म्हणणं आहे ते मला विचारायचं होतं. पुढच्या सुट्टीला विचारू म्हणालो.

दिवाळीनंतर तू मदतनीस कुसुमला सांगितलंस, पुढच्या मेळाव्याला पोरंच करतील, भावजींना नुसतं बघायला बोलवायचं. त्यानंतर तू रोज पोरांना पाण्याच्या थराच्या सरावाला बसवायचीस आणि रोज सरबत व्हायचं, हे मला कुसुमनं तेराव्याला सांगितलं. पंगत उठली होती, ती पत्रावळी गोळा करत होती.

"भाऊ, मेळावा हाय तसाच ठेवलाय. नवीन बाई अजून आली नाय. काय करू? बंद करू?"

मी म्हटलं, थांब.

हात धुवायला हौदापाशी गेलो. पाहुण्यांनी सोडलेला नळ बारीक वाहत होता. पाण्यावर फणसाचं एक पान तरंगत होतं, आणि धार बरोबर त्या पानावर पडत होती. तळाला गाळ होता तो जराही हलत नव्हता. मी पान बाजूला केलं. धार सरळ पाण्यात पडली आणि गाळ ढवळून वर आला. पान परत ठेवलं. शांत. दादा दारातून बघत होता, त्याला वाटलं मला काही झालं की काय. मी त्याला म्हटलं, फणसाची पानं काढून दे.

हे तू असताना का सुचलं नाही, असं म्हणत मी बसणार नाही. नाही सुचलं. पानातून बरणीच्या तोंडापेक्षा थोडा लहान असा गोल तुकडा कापायचा, तो आगळावर ठेवायचा आणि पाणी त्या पानावर सोडायचं. पान धार अंगावर घेतं, पाणी कडेनं अलगद पसरतं, आणि पाणी वाढेल तसं पानही वर येतं. हात थरथरला तरी चालतं. मोठ्यांचं कौशल्य लागतच नाही. मी रजा टाकून तीन-चार दिवस अंगणवाडीत बसलो. पोरांना तू कुठे गेलीस ते सांगितलेलं होतं, तरी एक जण रोज विचारायचा, बाई कधी येणार. कुसुम म्हणायची, बरणी नीट कर, मग सांगते. काय सांगणार होती ते तिलाही माहीत नव्हतं. पण तो नीट करायचा.

पहिल्या दिवशी सरबतच झालं, कारण पोरांनी पान बुडतं का ते बघायला बोटानं दाबलं. मी ओरडणार होतो. मग मागे सरकून बसलो. त्यांनी मनसोक्त दाबून घेतलं, पान दर वेळी वर आलं, आणि मग ती स्वतःच कामाला लागली.

तुझे आभार मानायचे राहिलेत. कशाकशाचे मानू? पदवीचे मानले असते तर म्हणाली असतीस, परीक्षा तुमी दिली. राबाचे मानले असते तर म्हणाली असतीस, बी मावशीनं दिलं. तू आभार घेणारी बाई नव्हतीस, त्यामुळे ते माझ्यापाशीच पडून आहेत.

परवा मेळावा झाला. दादा आला होता, आयुष्यात पहिल्यांदा अंगणवाडीच्या आत. व्हॅनवाली घरंही आली, तुझ्यासाठी आली असावीत. मी पालकांमध्ये, मागच्या भिंतीला टेकून बसलो. पुढे कुसुम आणि पोरं. पाक घातला, आगळ घातलं. पान ठेवताना ते तिरकं पडलं आणि माझा पाय आपोआप उचलला गेला. दादानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पोरानं बोटानं पान सरळ केलं. मग एकेकानं येऊन चमचाभर पाणी सोडलं. एकाचं निम्मं जमिनीवर सांडलं, कुणी हसलं नाही, त्यानं परत चमचा भरला. सगळ्यात शेवटी तेल.

वहिनी, आगळावर पाण्याचा थर स्वच्छ उभा राहिला. चारही थर पोरांनी केले, सगळ्या पोरांनी, आपल्या हातांनी. मी जागचा उठलो नाही.